जसं बोलली तसं

लंडन,
ता. १२ फेब्रुवारी १९४९

ती. आत्याबाईंच्या चरणी कृष्णातचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र पोचलं. पुडीतल्या तिळगुळाचं पीठ झालं होतं. बोट लावून लावून संपवलं.

इथं मी काय करतो, असं पुन्हा विचारलंस. आपण शब्दाला शेपूट लावतो, 'कुत्र्यानं', 'कुत्र्याला', म्हणून कोण कुणाला चावलं ते कळतं. इंग्रजी आणि जर्मन भाषा एकाच घराण्यातल्या. दोघींच्या पूर्वजांना अशी पुष्कळ शेपटं होती. जर्मननं काही सांभाळली, इंग्रजीनं जवळजवळ सगळी टाकली. ती कधी आणि कशी गळाली, ते मी शोधतो. अडचण अशी की जुने लेखनिक फार सोवळे. लोक बोलायचे एक आणि हे लिहायचे गुरूनं शिकवलेलं. एखादा पेंगला, तरच त्याच्या हातून खरी बोली कागदावर उतरायची. त्याच्या चुकीवर माझं पोट.

हॉलंडच्या किनाऱ्यावर फ्रिजियन नावाची बोली आहे, इंग्रजीची अगदी जवळची बहीण. उन्हाळ्यात तिथल्या म्हाताऱ्यांचं बोलणं टिपायला जायचंय. आल्यापासून या एका फेरीसाठी झुरतोय.

मोहिद्दीनचाचा, आत्याला हे वाचून दाखवता, तिची पत्रं लिहिता, तुमचे उपकार आहेत. पण तुमच्या पत्रात ती म्हणते, 'प्रकृती उत्तम असून चिंता नसावी.' आत्या जन्मात असं बोललेली नाही! आई गेल्यावर मला वाढवताना तिनं दिलेल्या शिव्या आठवल्या की इथं परक्या खोलीत एकट्याला हसू येतं आणि मग करमत नाही. तुम्हीही त्या सोवळ्या लेखनिकांपैकीच. पुढचं पत्र तिच्या तोंडून निघेल तसंच लिहा. एक अक्षर सुधारू नका.

माया आहेच, ती आटू देऊ नये.

कृष्णात

*

रहिमतपूर,
ता. २ मार्च १९४९

चि. कृष्णात यास मोहिद्दीन आतारचे अनेक आशीर्वाद.

तुझा टोमणा पोचला. अत्तराच्या दुकानात बसून मी निम्म्या गावाची पत्रं लिहितो. माणूस घरात कसाही वावरो, कागदावर त्यानं धुतलेले कपडे घालून जावं, ही माझी रीत. मुंबईतल्या मुलानं आईचं पत्र चारचौघांत वाचलं, तर तिला कुणी हसू नये. 'सर्व क्षेम' हे तर मी विचारतच नाही, आधीच लिहून मोकळा होतो. तुझ्याखातर आज रीत मोडतो. अंबूबाई समोर पोत्यावर बसली आहे. पुढचं तिचं.

किस्ना, तुजी शेपटं घाल चुलीत. आतार म्हंत्यात समदं लिवतो, म्हणून सांगते. दिवाळीपास्नं माज्या उजव्या डोळ्याला दिसत न्हाई. डाव्याला बी धुकं धरलंय. परवा वैरणीची पेंडी म्हणून बोरीच्या काट्याला हात घातला, समदा सोलला. मिरजंचा डागदर म्हणला, कापून मोतीबिंदू काडतो, पर येळ केलास तर माज्या हातात काय ऱ्हायचं न्हाई. म्या न्हाई म्हणलं. कापून उजेड आलाच न्हाई तर? तुजं त्वांड बगितल्याबिगार मी त्या टेबलावर झोपायची न्हाई. आदुगर का सांगितलं न्हाई म्हणशील, तर लय येळा सांगितलंय. ह्यो आतार काय लिवतो त्येचं त्येला ठावं. तुजं शिकणं मोडू नगं. पर येनार आसशील तर उजेड हाय तवर ये.

बाळा, आता हे माझं. परमुलखातल्या लेकराला घोर लावू नये, असं मला वाटे. आता लागलाच आहे, तर तूच काय ते ठरव. जास्त काय लिहू?

मोहिद्दीन आतार

*

लंडन,
ता. ११ मार्च १९४९

मोहिद्दीनचाचांस कृष्णातचा नमस्कार वि. वि.

पत्र उघडलं आणि आधी तिचा आवाज ऐकून हसलो. मग काय लिहिलंय ते कळलं आणि रडलो. तुमच्यावर राग नाही.

हॉलंडला जात नाही, असं इथल्या माझ्या गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, तिथल्या दोघी-तिघी म्हाताऱ्या फार थकल्यात, पुढच्या वर्षी भेटतीलच असं नाही. मी म्हणालो, माझीही थकलीय. त्यावर ते स्वतः माझ्याबरोबर बोटीच्या कचेरीत तिकिटासाठी आले. येत्या आठवड्यात निघतोय. मुंबईला उतरलो की तडक रहिमतपूर. मिरजेच्या डॉक्टरांना तेवढं कळवून ठेवा.

तिला पुस्तकी मराठीत लिहायची खोड मलाही होतीच. खालचं तिच्यासाठी. आहे तसं वाचा.

आत्ते, निगालो गं. बोटीला लय दिस लागत्यात, तवर बांधाकडं एकली जाऊ नगंस. आलो की दारात उनाला तुज्या म्होरं बसतो. पायजे तेवडा येळ बग. बगून झालं म्हणलीस, की मग जाऊ मिरजंला.

तुजा किस्ना