स्वस्तातलं, छोटं, पाच गोळ्यांचं

सोमवार, १६ सप्टेंबर

घेतलं एकदाचं! रिव्हॉल्व्हर. काळं, आखूड नळीचं, तळहाताहून जरासं मोठं. तीनशे डॉलरच्या आत बसलं.

दुकानदार हार्लननं आधी पिस्तूलच पुढे केलं. पण त्याचा वरचा भाग मागे ओढावा लागतो, आणि तो माझ्यानं तसूभर हलेना. बावीस वर्षं शिलाई कारखान्यात झिजलेली बोटं ही! तर म्हणाला, "मग हेच घ्या बाई. यात अडकायला काही नाही, विसरायला काही नाही. चाप ओढला की उडालं."

केंड्राला अजून दाखवलेलं नाही. तोंड वाकडं करील. पण पोरगी माझी आहे, नवऱ्याचा मार खाऊन माझ्याकडे राहायला आलीय, आणि तिच्या त्या रॉडनीनं परवा फोनवर मलाच ऐकवलं — "सासूबाई, तुमच्या व्हरांड्याचा दिवा मला खालच्या रस्त्यावरून दिसतो." कोर्टानं त्याला लांब राहा म्हटलंय. म्हटलंय! शेरीफच्या माणसाला आमच्या डोंगरावर पोचायला चाळीस मिनिटं लागतात.

शनिवार, २१ सप्टेंबर

धाकटी बहीण ओपल बंद पडलेल्या खाणीमागे सरावाला घेऊन गेली. तिचं पिस्तूल पंधरा गोळ्यांचं. माझं बघून खो खो हसली. "पाचच? आणि सहाव्या वेळी काय करशील व्हर्ना, फेकून मारशील?"

हलकं आहे म्हणून पर्समध्ये जाणवत नाही. आणि हलकं आहे म्हणूनच असा हिसका देतं की अंगठ्याजवळचं कातडं सोललं. नेम धरायला पुढे नखाएवढा उंचवटा. सात पावलांवरून पाचातल्या दोन लागल्या. पुन्हा भरताना एकेक गोळी चाचपडत बसले, तोवर ओपलनं अख्खं सँडविच संपवलं.

चाप तर इतका जड — दोन्ही हातांची बोटं लावली. ओपल म्हणे, "बरंय ना. पर्समध्ये आपोआप तर उडणार नाही." आता याला खोट म्हणायचं की गुण?

मंगळवार, २४ सप्टेंबर

आज कामावर जाताना दोनदा गाडी वळवून घरी आले. काही नव्हतं.

रविवार, २९ सप्टेंबर

चर्चमध्ये बाकावर पर्स ठेवली तर ठक्! पुढच्या बाकावरही ठक्! भजनं म्हणणाऱ्या निम्म्या बायकांकडे आहे म्हणजे. शेजारी बसलेली मेव्हिस कानात पुटपुटली, "वेगळ्या कप्प्यात ठेव गं. माझ्या नळीत च्युइंगम गेलं होतं."

प्रवचन काही डोक्यात शिरलं नाही. दाराकडेच बघत होते.

बुधवार, २ ऑक्टोबर

लाज वाटते लिहायला! पर्समधून काढायला वेळ लागतो म्हणून आज कमरेला लावलं. बर्गरच्या दुकानात संडासला बसताना काढून टॉयलेट पेपरच्या डब्यावर ठेवलं — आणि तसंच राहिलं. अकरा मैलांवर, मी ज्यांची देखभाल करायला जाते त्या टॅकेट आजोबांचे पाय धूत होते, तेव्हा कमरेला हात गेला. आजोबांचे ओले पाय तसेच सोडून पळाले.

काउंटरवरच्या बाईनं कागदी पिशवी सरकवली. "तुमचंच ना? रडू नका. या वर्षातलं हे तिसरं."

तिसरं! कुणा लेकराच्या हाती लागलं असतं तर? आता अंगावरून काढायचंच नाही, घरातसुद्धा.

रविवार, ६ ऑक्टोबर

केंड्रानं पाहिलंच. "आई, भांडी घासतानासुद्धा ते एप्रनच्या खिशात?"

"हो. तुझ्यासाठीच."

"तो सुधारलाय आता. दारू सोडलीय."

"तुला कुणी सांगितलं?"

ती बीन्स ढवळत बसली. ढवळायची गरज नव्हती.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आजचं लिहायलाच हवं.

दुपारी चार. मागच्या दाराची कडी वाजली. जाळीच्या दारामागे डोक्यावर टोपी ओढलेलं कुणीतरी, अंगात तपकिरी जॅकेट. रॉडनीचं! त्याची बाही दोन वर्षांपूर्वी मीच शिवून दिली होती, माझे टाके मला ओळखू येतात. हाक मारली नाही, "कोण" म्हटलं नाही. रोखलं आणि चाप ओढला. ओढतच होते — या पानाशी काय खोटं बोलू? — सगळा जोर लावून. अर्धा आला. पुढे बोटांत ताकदच उरली नाही.

"आई!"

केंड्रा होती. तीन आठवडे चोरून भेटतेय त्याला. गारठा होता म्हणून त्यानं जॅकेट दिलं म्हणे.

मी जमिनीवर बसले. ती दारातच उभी. देवा, आणखी थोडा जोर असता तर मी माझ्या हातानं माझी पोर मारली असती. तिला जवळ घ्यायला हवं होतं. उठताच येईना.

गुरुवार, १० ऑक्टोबर

केंड्रा गेली. त्याच्याकडेच. गाडीत बॅगा टाकत होती, तेव्हा मी म्हटलं, "तो मारील गं तुला."

ती म्हणाली, "मारलंय त्यानं. बंदूक तू रोखलीस."