कोकिळाच्या नावाची पाटी

रेवदंडा,
शुक्रवार दुपार

प्रिय कोकिळा,

माझं अक्षर बघून दचकू नकोस. इथे सगळं ठीक आहे. तू ठीक आहेस ना, तेवढंच कळत नाहीये, म्हणून लिहायला बसलो. मंगळवारपासून दुकानातल्या क्यूआरच्या पाटीवर कोणी फोन धरला की पैसे जात नाहीत. आधी वाटलं रेंज नसेल. देवळाच्या पायऱ्यांखाली ती कधी असते, कधी नसते, हे तुला मी काय सांगू. पण काल गुरुवार, वर जायला रांग लागलेली, आणि ज्याच्या त्याच्या फोनवर लाल फुली. "काका, हे खातं पैसे घेत नाहीये," म्हणतात आणि नारळ परत ठेवतात. शेजारी गोदूबाईच्या हारांच्या टोपलीवरची पाटी मात्र छान चालते. म्हणजे रेंज नाही, खात्याचंच काहीतरी आहे. आणि खातं तुझं. तू चिडून ते बंद केलंस की तुला काही झालंय, या दोन्हींच्या मध्ये मी चार दिवस लटकतोय. तुझा फोन बंद लागतो. तुझ्या भावाचा, रामजीचा, वाजतो आणि थांबतो.

काल दुपारी त्या पाट्या लावून देणारा माणूस आला होता. त्याने फोनवर काहीतरी बघितलं आणि म्हणाला, बँकेने अडवलं असेल नाहीतर खातेदाराने बंद केलं असेल, ते खातेदारालाच कळणार. मग म्हणाला, "काका, कशाला डोक्याला ताप? तुमच्या नावाची नवी पाटी पाच मिनिटांत देतो, पैसे आले की बोलणारा डबापण देतो." मी नको म्हटलं. आरतीच्या वेळी खालून डबा ओरडलेला मला चालणार नाही, असं कारण दिलं. गोदूबाई कसली ऐकते! "डब्याचं काय घेऊन बसलाव शिवदासभाऊ? बायकोचं नाव निघंल म्हनून बसलाव, व्हय ना? रुसलेली बायको भिंतीला चिकटवून ठेवली हाय यांनी!" असं सगळ्यांदेखत म्हणाली. लोक हसले. मीही हसलो. ती खोटं बोलली नव्हती.

ही पाटी मला मुळात नकोच होती, तुला आठवत असेल. तू अलिबागला जाऊन खातं उघडलंस, पाटी आणलीस, आणि नारळांच्या वर खिळा ठोकून तूच ती लावलीस. मी एकच अट घातली होती, की सकाळची भवानी रोख होईल. पहिल्या विक्रीचा पैसा कपाळाला लावायचा, देवापुढे ठेवायचा, मग दिवस सुरू करायचा. फोनमधून गेलेला पैसा कपाळाला लावायचा कसा? तू म्हणायचीस, "अहो, लोकांच्या खिशात आता नाणी राहिली नाहीत. तुमच्या कपाळासाठी आणायची कुठून?" मी ऐकलं नाही. त्या गुरुवारी ती बाई तान्हं मूल घेऊन आली. नवसाचा नारळ हवा होता, जवळ फक्त फोन. मी तिला म्हटलं, जरा थांबा, रोखीचं गिऱ्हाईक होऊन जाऊ दे. ती थांबली नाही, रिकाम्या हाताने चढू लागली. तू नारळ घेऊन तिच्यामागे अनवाणी पायऱ्या चढलीस. खाली आलीस तेव्हा तुला धाप लागली होती. म्हणालीस, "देवाच्या दारातून माणूस परतवलंत. झाली का भवानी?" संध्याकाळी माणगावला माहेरी जायची पिशवी भरलीस आणि बजावलंस, मी बोलावल्याशिवाय तिकडे पाऊल टाकायचं नाही. मी टाकलं नाही.

तू गेल्यावर मला वाटलं होतं, पाटीपण काढायला सांगशील. नाही सांगितलंस. गिऱ्हाईक फोन धरायचं आणि नाव वाचायचं, "कोकिळा शिवदास भगत, बरोबर ना?" मी म्हणायचो, बरोबर. दिवसभर परकी माणसं मला तुझं नाव विचारायची आणि मी बरोबर म्हणायचो. वाडीवाल्या भाऊंना नारळाचे पैसे तू तिकडूनच पाठवत राहिलीस. आपण एकमेकांशी बोलत नव्हतो, पण दुकान दोघं चालवत होतो. पावसाळ्यात मी तापाने पडलो तेव्हा तू गोदूबाईला फोन केलास. तिने मला लगेच सांगितलं, तिच्या पोटात काही राहत नाही. "सकाळपासून एकपन मेसेज न्हाय आला, दुकान उघडलं न्हाय का, मानूस बरा हाय ना, असं इचारत होती." त्या दिवशी मला कळलं, इथे नारळ विकला की माणगावात तुझ्या हातात काहीतरी वाजतं, आणि तू ते ऐकत असतेस.

बरा झाल्यावर मी भवानी बदलली. हे तुला कोणी सांगितलं नसेल, कारण मी कोणाला बोललो नाही. सकाळी कोणी नोट पुढे केली तर मीच विचारतो, फोनवरून देता का? लोकांना नवल वाटतं. पैसे गेले की मी पाटीसमोर हात जोडतो आणि मनात म्हणतो, पोचलं असेल. देवाला चुकवतोय की काय, अशी थोडे दिवस भीती वाटली. मग वाटेनाशी झाली. आता चार दिवस रोखीचीच भवानी होतेय. नाणं कपाळाला लावतो, पण हात खाली येत नाही, कारण तुला काही पोचलेलं नसतं.

आज सकाळी वाडीवाले भाऊ येऊन गेले. त्यांना या आठवड्यात तुझ्याकडून काही आलं नाही. पैशांचं ते काही म्हणाले नाहीत, उलट म्हणाले, "वहिनी कधी असं करत नाहीत. चौकशी कर रे." तेव्हापासून हातातलं काम सुचत नाहीये. मघाशी एकाला नारळाऐवजी नुसता उदबत्तीचा पुडा दिला. फोन हरवला असेल, बँकेने कागद मागितले असतील, असं स्वतःला समजावतो. मग तुझा रक्तदाब आठवतो, त्या गोळ्या तू विसरतेस ते आठवतं.

खातं चालू कर, हे सांगायला मी हे पत्र लिहिलेलं नाही. ते तू रागाने बंद केलं असशील तर तो तुझा हक्क आहे, मी नवी पाटी लावीन. तुझा शब्द मोडणार आहे, हे आधी कळवावं म्हणून लिहितोय. पत्र तुला शनिवार-सोमवारपर्यंत मिळावं. मंगळवारी पहिल्या एसटीने साळावचा पूल ओलांडून रोह्याला आणि तिथून माणगावला येतो. तू रामजीच्या दुकानात मागच्या बाजूला ब्लाउज शिवतेस, असं गोदूबाई म्हणाली होती. मी रस्त्याच्या पलीकडेच उभा राहीन. तुला बाहेर यायचं नसेल तर येऊ नकोस, बोलायचं नसेल तर बोलू नकोस. आतून मशीनचा आवाज आला की तसाच मागे फिरेन, परतीची गाडी धरीन. पण आवाज आला नाही, तर मात्र तू बोलावलेलं नसलं तरी मी आत येईन.

अजून तुझाच,
शिवदास