घंटीपाशी ठेवलेला शब्द

९ जानेवारी
शेजारची प्रज्ञा परत नापास. जर्मनच्या परीक्षेत दुसऱ्यांदा. पास झाली की तिकडच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून जाणार, म्हणजे नापास झाली याचं मला बरं वाटायला हवं. वाटलंही, जरा वेळ. मग जिन्यात बसून रडताना दिसली. एकेक शब्द पानभर लिहून काढते, सकाळी पाटी कोरी. म्हटलं, घोकून काय होतंय? तर म्हणे, तू बोलूच नको, तू तर कॉलेजच सोडलंस. खरं आहे. सरांची कॉलर धरली तेव्हा डोकं कुठं होतं.

१४ जाने.
उत्तरायण, इथली संक्रांत. आमची सगळी नवागाम वस्ती गच्चीवर, पतंग, बोंबाबोंब. प्र. टाकीच्या सावलीत पुटपुटत. क्लासच्या मॅडमनी नवीन सांगितलंय. ओळखीचा एक रस्ता धरायचा, वाटेतल्या एकेका जागेवर एकेक शब्द ठेवायचा. सोबत चित्र. जितकं येडपट तितकं पक्कं. मी म्हटलं, आपल्या जिन्यापासून रिक्षा स्टँडपर्यंतचा धर. रोजचाच आहे.

२१ जाने.
मिलमधून सुटलो की तिच्यासोबत त्या रस्त्यानं. इस्त्रीवाल्यापाशी 'फीबर', ताप, त्याचीच इस्त्री त्याच्या कपाळावर. गरनाळ्यात, रुळांखालच्या बोगद्यात, 'आटेमनोट', श्वास कोंडणं. तिथं तर सगळेच नाक दाबून जातात, चित्र काढायलाच नको. त्याच्या अलीकडे घंटीपाशी, म्हणजे पिठाच्या गिरणीपाशी, 'श्मेर्त्स', वेदना. हा काही केल्या राहत नव्हता. मग घंटीवाले रमेशकाका जात्यावर आडवे पडून कमर धरून विव्हळताहेत असं ठरवलं. मी करून दाखवलं. काकांनी बघितलं, गुजरातीत म्हणाले, दळण घेऊन ये, नाटक नको. प्र. हसून हसून पोट धरून खाली बसली.
तो शब्द त्यानंतर एकदाही नाही विसरली.

६ फेब्रु.
मॅडमचं पुढचं: उत्तर आधी बघायचं नाही, आठवायचा प्रयत्न करायचा, चुकलं तरी चालेल. आजचे शब्द उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्यानं. मधे थोडं विसरू द्यायचं, मग ओढून काढायचं, म्हणजे घट्ट बसतो. मी विचारतो, ती सांगते. मग उलट, स्टँडवरून घराकडे.
माझेही सगळे पाठ झाले. फोल्डिंगला साडीच्या घड्या घालताना तोंडात जर्मन. मिलचे मास्तर म्हणतात, ए लंडन.

१९ फेब्रु.
आज विचारलं, आपल्या जिन्यापाशी काय ठेवलंस? रस्ता तिथूनच सुरू होतो, पण ती नेहमी इस्त्रीवाल्यापासून चालू करते.
"ठेवलाय एक. तुला नाही सांगणार."
"का?"
"परीक्षेत येणारा नाहीये तो."
झोप नाही.

२८ मार्च
पास. तिच्या आईनं, काकूंनी, अख्ख्या चाळीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले. मीच तर पास केली.

३ एप्रिल
भांडलो. म्हणालो, जा, तिकडच्या म्हाताऱ्यांचे बेडपॅन उचल. ती आत निघून गेली. बाबासाहेबांच्या फोटोपाशी काकू उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ जून
गेली. स्टेशनला मी नाही गेलो. गॅलरीतून रिक्षा बघितली. इस्त्रीवाला, घंटी, गरनाळं. पुढचं दिसत नाही.

१७ ऑगस्ट
पहिला फोन. भांडणाचा विषय तिनंही काढला नाही. वॉर्डात एक आजी कण्हत होत्या, ह्यांना काय होतंय ते वरच्या सिस्टरला सांगायचं होतं, शब्द सुचेना. डोळे मिटून घंटीपाशी गेली, काका दिसले, शब्द मिळाला. हसत सांगत होती. मीही हसलो. ठेवल्यावर बराच वेळ फोन हातातच.

११ ऑक्टो.
रस्ता रुंद होतोय. गरनाळ्याच्या अलीकडची सगळी दुकानं जाणार. काकांना जागा मिळाली पांडेसराला. ते खूश आहेत.

१५ ऑक्टो.
आज घंटी पाडली. मी जेसीबीपुढे उभा राहिलो. ड्रायव्हर म्हणाला, "तारी दुकान छे?" नाही म्हटलं. "तो?" म्हणजे, मग काय? काय सांगू? शिवी दिली. चार जणांनी ओढून बाजूला केलं, त्यात रमेशकाकाच पुढे. घरी माय म्हणाली, "येडा व्हयना का रे? तुनी घंटी शे का ती?"
संध्याकाळी गेलो. सपाट. विटांवर अजून पीठ.
तिला कळवलं नाही.

२ नोव्हें.
प्र.चा फोन, दुपारच्या सुट्टीत. तिथली मोठी परीक्षा पुढच्या आठवड्यात. त्यात अडकली तर नोकरी नाही, परत यावं लागेल. डोक्यातला रस्ता पुसट होतोय म्हणाली, इतक्यांदा चालली की जागा एकात एक मिसळतात. "जिन्यापासून स्टँडपर्यंत चालत व्हिडिओ काढ ना. सगळं तसंच आहे ना?"
"तसंच आहे," म्हणालो.

३ नोव्हें.
परत यावं लागेल. हेच वाक्य दिवसभर. व्हिडिओ नाही काढला. मोबाइलचा कॅमेरा बिघडलाय, असं कळवलं.

४ नोव्हें.
काकू पाणी भरायला आल्या होत्या. विचारलं, परत आली तर? व्हिडिओचं त्यांना कळलं असणार. म्हणाल्या, आली तर आमची लेक आहे, घर आहे. पण आल्यावर ती तुझ्याशी बोलेल का, ते तू बघ.

५ नोव्हें.
काढला. सकाळच्या उजेडात. इस्त्रीवाल्यापाशी थांबलो, त्यानं हात हलवला. घंटीच्या जागी पोचलो, मोबाइल विटांवर टेकवून समोर गेलो, जमिनीवर आडवा झालो, कमर धरली आणि काकांसारखा विव्हळलो. जाणारे-येणारे थांबले. कुणीतरी पाणी आणलं. मग गरनाळं, नाक दाबून. स्टँड.
बघितल्यावर कळेल तिला, घंटी नाही म्हणून. पण शब्द तिथंच आहे.
सुरुवातीला जिन्यापाशीही मोबाइल धरून उभा राहिलो होतो. तिथं तिनं कुठला शब्द ठेवलाय माहीत नाही, काय करून दाखवणार? तेवढा भाग कापणार होतो. नाही कापला.
पाठवला. दोन टिक आल्यात. अजून निळ्या नाहीत.