मागच्या भिंतीची चित्रं

घाटनांदूर,
९ मे २०१३

प्रिय मन्मथ,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं सूनबाईंनी फोनवर सांगितलं. थेंब वेळेवर घालत जा, आळस करू नकोस.

इकडं पाण्याचं विचारू नकोस. टँकर चार दिवसांआड येतो. निम्म्या गावाची जनावरं चारा छावणीत आहेत, त्यामुळं आमच्या दूध संस्थेत सकाळी दोन कॅन भरले तरी खूप. सचिव असलो तरी मी आठ वाजता कुलूप लावून मोकळा.

आता खरी बातमी. धर्मापुरीच्या देवळाची मागची भिंत मी वहीत काढून संपवली! आठवीत चित्रकलेचे सर आपल्याला तिथं घेऊन गेले होते आणि भिंतीवरची एकूण एक मूर्ती वहीत उतरवायची असं आपण ठरवलं होतं, तीच भिंत. आपल्या सात झाल्या आणि मॅट्रिक आलं. पुढं चाळीस वर्षं मी दर उन्हाळ्यात "यंदा काढतो" म्हणत दुधाचं फॅट तपासत राहिलो. शेवटी फेब्रुवारीत तुझ्या वच्छलावहिनीनं अंबाजोगाईहून चार ड्रॉइंगच्या वह्या आणून माझ्यापुढं ठेवल्या. म्हणाली, "दूध न्हाई, काम न्हाई. आता घरी कशाला बसायचं?"

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. बोटं वळेनात. हत्ती काढायला जावं तर म्हैस व्हायची. कितीतरी पानं फाडली, पण रोज नऊची एसटी धरत राहिलो. मार्चमध्ये हात जरा सुटला.

देवळाच्या मागं केसरबाई नावाची म्हातारी शेळ्या राखते. माझ्या खांद्यावरून वहीत बघत बसायची, वही बघून मला शाळामास्तरच समजायची. एकदा म्हणाली, "मास्तर, त्या बाईला नाक न्हाई की. तुमी कावून लावलं?"

"चित्र बरं दिसावं म्हणून."

"बरं दिसंल. पण मग ही ती बाई न्हाई."

मी नाक खोडलं. त्या दिवशी परत येताना एसटीत सारखी तुझी आठवण येत होती. तेव्हापासून हे पत्र लिहायचं चाललंय. फोनवर मला बोलता आलं नसतं.

मन्मथ, बहात्तरच्या दुष्काळात आपण दोघं औरंगाबादला चित्रकला शिकायला जाणार होतो. मी तुला सांगितलं, "दादा न्हाई म्हणतेत." ते खोटं होतं; वडील कधीच नाही म्हणाले नव्हते. दादा खडी फोडायच्या कामावर जात होते, तरी त्यांनी मला दोन नवे सदरे शिवून आणले होते. म्हणाले होते, "तू जा. इथलं आमी बघतो." मीच घाबरलो. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तिथं तुझ्यासारखी वर्गभर पोरं असतील आणि मी सगळ्यात मागं राहीन, एवढीच भीती. दुष्काळ आयता हाताशी होता, त्याच्या आड लपलो.

तू एकटाच गेलास, आणि दादांवर जो राग धरलास तो धरलासच. गावी यायचास, पण आमच्या ओसरीवर चढायचा नाहीस. दादांनी एकदा विचारलं, "शहादेव, मन्मथ माझ्याशी कावून बोलत न्हाई रे?" मी म्हटलं, "काय म्हाईत." ते गेले तेव्हा तू मातीलाही आला नाहीस. तुझी चूक नव्हती. मला मात्र तेव्हाही तोंड उघडता आलं नाही.

परवा शेवटची मूर्ती संपली. घरी येऊन मी दादांच्या फोटोपुढं चारही वह्या ठेवल्या आणि वच्छलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना सांगायचं राहिलं. मन्मथ भावजींना तरी सांगा." जेवणानंतर तिनं सगळी पानं एकेक करून पाहिली. त्या रात्री मला लागली तितकी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

चित्रं फार ग्रेट नाहीत. तुझ्या नजरेला पहिल्याच पानावर चुका दिसतील, त्या दाखव. उजवीकडची आणि डावीकडची अशा दोन भिंती अजून आहेत. पाऊस पडेपर्यंत मी मोकळाच आहे. डोळा बरा झाला की ये. रागावून आलास तरी ये, पण या वेळी आमच्या ओसरीवर चढ.

तुझा,
ज्याला कुणीच अडवलं नव्हतं तो
शहादेव