उजवीकडचं स्टिअरिंग

मिस्त्री, हा ट्रक तुमच्यासमोर ठेवला असता तर तुम्ही आधी तो उलटा करून खालून बघितला असता. सातिवलीच्या फाउंड्रीत ओतकामाचा कुठलाही लाकडी पॅटर्न तुम्ही तसाच तपासायचात. वरून सगळेच रंधा मारतात, खालचं दाखव, म्हणायचात. खालूनही ठीक आहे हो. दोन आस पुढे, दोन मागे, स्प्रिंगा, दांडे, सगळं जागच्या जागी. साग, पत्रा, टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या नळ्या, आणि टायर रबरी चपलांचे. अमेरिकेच्या लष्कराचा आठ चाकी मालट्रक, खऱ्याच्या सोळा पट लहान, दीड हात लांब. तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते. आता एकही काळा राहिला नाही, आणि या वयात तुम्हाला हे सांगायला बसलोय.

माझ्या मुलाला तुम्ही पाहिलं नाहीत. तो गाड्यांचा मेकॅनिक झाला. एजंटमार्फत कुवेतला गेला, तिथून कंपनीनं त्याला पुढे अमेरिकन छावणीत पाठवलं, असल्या ट्रकांची दुरुस्ती करायला. करार संपल्यावर परत आला. आमच्या चांदीप गावातली माणसं बघायला आली, म्हणाली, हातपाय शाबूत आहेत ना, मग झालं. झालं काहीच नाही. तो ओट्यावर खुर्ची टाकून बसतो. हत्यारांची पेटी त्याने उघडली नाही. बोलणं म्हणजे हो, नाही, नको. सून माहेरी नंदाखालला गेली ती परत आली नाही, तिला तरी काय म्हणू? मी मुळातच घाबरट, तुम्हाला ठाऊक आहे, भट्टीचा भोंगा उशिरा वाजला तरी मी काम टाकून बघायला धावायचो. आता तो न्हाणीत जास्त वेळ राहिला तरी मी दाराशी जाऊन उभा राहतो, पाण्याचा आवाज येतोय ना ते ऐकत. एका दुपारी टीव्हीवर बातम्यांत असा एक ट्रक दिसला. त्याचा घास हातात राहिला. म्हणाला, "ह्याची पुढची चारही चाकं वळतात." कित्येक महिन्यांत त्याचं तेवढं मोठं वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं. मी हात धुतले आणि गोठ्यात जाऊन पटाशी शोधू लागलो.

मोबाइलच्या दुकानातून फोटो आणि मापांचा कागद छापून आणला. इंग्रजी येत नाही, पण आकडे वाचता येतात, तेवढं तुम्ही करून घेतलंत. आमची ही गोठ्याच्या दारात येऊन म्हणाली, "बैल गेले, आता गोठ्यात अमेरिकेची गाडी! पेंढा घालू का पानी दाखवू?" मी हसलो, तोही ओट्यावरून जरासा हसल्यासारखा वाटला. इंजिन मी आपल्या ट्रकांसारखं केबिनखाली बसवलं होतं. तो चहाचा कप घेऊन आला, उभ्याउभ्या म्हणाला, "इंजिन इथे नसतं बाबा. केबिनच्या मागं." आणि बोटाने जागा दाखवली. मी सगळं उसवून पुन्हा केलं. पुन्हा बोलावलं. आता ते बरोबर होतं. त्याने बघितलं, कप खाली ठेवला आणि गेला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बरोबर असलं की ह्याला बोलायला काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी मी स्टेपनी मागे, खाली टांगली, आपल्याकडे असते तशी. ती केबिनच्या पाठीशी उभी असते हे फोटोत स्वच्छ दिसत होतं. तो आला आणि चक्क चिडला. "फोटो बघून करता ना? मग?" मी म्हटलं, दिसत नाही रे मला आता. किती बरं वाटलं सांगू, तो चिडला म्हणून.

तुम्ही असता तर हातोडीच फेकली असतीत. तुम्ही केलेली माझी ती फजिती मी विसरलेलो नाही. कप्पीचा पॅटर्न मी साध्या पट्टीने मापून केला आणि ओतलेल्या कप्प्या सगळ्या लहान निघाल्या. तुम्ही मला सगळ्यांसमोर उभं केलंत. "या, हरिश्चंद्र या! लाकडाला खरं बोलायला लावलंत ना? अरे गाढवा, लोखंड निवताना आकसतं. लाकडानं आधी तेवढं खोटं बोलायचं, मग लोखंड खरं निघतं." पुढे कारखानाभर माझं नाव हरिश्चंद्रच पडलं. तुमचे डोळे गेले तेव्हा तुम्ही तुमची ती पट्टी मला दिलीत, जिचा इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. ती गोठ्यात खिळ्याला टांगलेली आहे. ट्रकला मी ती लावत नाही, इथं काही ओतायचं नाही. पण मुद्दाम चूक करताना माझी नजर तिच्याकडे जाते, आणि मनाला सांगतो की मिस्त्रींनीच शिकवलंय.

एक चूक मात्र मी मुद्दाम केली नव्हती. केबिन बसवून झाली होती. त्याने ट्रक उचलला आणि उलटा केला, अगदी तुमच्यासारखा. म्हणाला, "बुचं नाहीत."

"कसली बुचं?"

"केबिनच्या तळाला. धुतल्यावर पानी जायला."

"गाडी आतून धुतात होय?"

"रस्त्यावर स्फोटात मार खाऊन आलेली धुवावी लागते. दुरुस्तीच्या आधी." त्याने तळावर बोट फिरवलं. "ते काम मला द्यायचे. पाइप घालून आतून मारायचं. पानी लवकर साफ येत नाही, बाबा."

मग त्याने माझ्या हातातली सामती घेतली आणि केबिनच्या तळाला दोन भोकं पाडली. सामती त्याच्या हातात जराही हलली नाही. ही दाराशी उभी होती, परातीत निवडायचे तांदूळ घेऊन. तिने त्या दिवशी काही थट्टा केली नाही. तो जेवायला बसला, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मी येड्यासारखा मनात म्हणालो, आता सुटला, आता हा बोलेल.

म्हणून मी आणखी चुका करत गेलो. आरसे लहान केले, शिडी भलत्या बाजूला लावली, दाराची कडी उलटी बसवली. तो सांगायचा, मी दुरुस्त करायचो. पण त्याचं सांगणं दर खेपेला आखूड होत गेलं. शेवटी बोटच दाखवायचा. रंग देऊन झाला, वाळूसारखा फिका, आणि चुकवायला जागा राहिली नाही. तेव्हा गेल्या आठवड्यात मी स्टिअरिंग डावीकडून काढलं आणि उजवीकडे चिकटवलं. त्यांच्या गाड्यांना ते डावीकडे असतं, हे मलाही कळतं. तो तर वर्षानुवर्षं त्यामागे बसून गाड्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेत होता. चहाला हाक मारली. तो आला, वाकला, खिडकीतून बोट घालून स्टिअरिंगला लावलं. मग माझ्याकडे बघितलं. परत आल्यापासून त्याने माझ्याकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं.

"बरोबर आहे, बाबा," म्हणाला. "झाला ट्रक."

जाताना त्याने बोट पॅन्टला पुसलं. स्टिअरिंगचा सरस अजून ओला होता, मिस्त्री. तेव्हापासून तो गोठ्याकडे फिरकला नाही. ही विचारते, "झाला ना ट्रक? मंग आता काय करनार?" मी म्हणतो, बघू. लोखंड किती आकसतं ते तुमच्या पट्टीवरून कळायचं. हा अजून किती आकसणार आहे ते मला कशावरून कळावं? न्हाणीतलं पाणी थांबलं की मी अजून उठतो.

हे लिहून झालं की कागद तुमच्या पट्टीमागे खिळ्याला अडकवून ठेवीन. आणखी कुठे पाठवणार? एक राहिलं. कप्प्यांच्या त्या दिवशी तुम्ही ओरडलात तेव्हा सगळे म्हणाले, हरिश्चंद्र रडेल आता. मला रडू आलं नव्हतं. माझ्या घरी तेव्हा माझ्याशी कुणी इतका वेळ बोलत नसे. तुम्ही आणखी थोडं ओरडावं असं वाटत होतं. स्टिअरिंग मी अजून उजवीकडेच ठेवलंय, आणि चहाच्या वेळी गोठ्याचं दार उघडं टाकतो.