पिसाची मासोळी

मु. नांदगाव, ता. सेलू
६ सप्टेंबर १९७४

ती. दादास,

पंचफुलाचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडं बाबा, आई, म्हैस, समदे खुशाल हाईत. तुझी, वहिनीची खुशाली कळव.

आईचा हात बरा झाला. प्लास्टर निघून दीड महिना झाला. भाकरी तीच थापते, पाणी तीच शेंदते, आन् मला म्हणते तू बस. दादा, मी किती बसू? तिचा हात मोडला म्हून जेठात आले ती अजून हितंच. हे म्हणले होते, पंधरा दिवसांनी न्यायला येतो. आता मोटारीचा आवाज आला की मी दारात. काल निवडलेली ज्वारी आज परत निवडली, तर आईनं सूपच काढून घेतलं.

मी बाबाला म्हणलं, मी जाते सेलूहून रेल्वेनं, परभणी काय लांब हाय? तर म्हणतेत, न्यायला मुऱ्हाळी आल्याबिगर लेकीनं आपल्या पायानं सासरी जाऊ न्हाई, लोक हासतेत. तू तर तिथंच ऱ्हातोस. ह्यांची लाकडाची वखार तुझ्या हापिसापासून सायकलीवर पाव तास. एकदा जा आन् न्यायला कधी येता तेवढं विचार.

मन रमावं म्हून दुधना नदीवर गळ घेऊन गेले, लहानपणी आपुन जायचो तसं. पर तिथंबी गांडूळ लावून बसूनच ऱ्हावं लागतं. अर्ध्या घंट्यात उठून आले.

वहिनीला जयभीम सांग. माझ्यावरची तुझी माया हाय तशी ऱ्हाऊ दे.

तुझी,
सौ. पंचफुला


परभणी
१४ सप्टेंबर १९७४

चि. सौ. पंचफुला हीस,

चंद्रभानचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र पावले. वखारीत नागनाथरावांकडे चक्कर झाली, ते कामात होते. सविस्तर बोलणं व्हायचं आहे. तू धीर धर.

आता मजेची गोष्ट. आमच्या कृषी विद्यापीठात एक परदेशी साहेब पाहुणे आलेत. रविवारी तळ्यावर मासे धरतात, आणि गांडूळ नाही, पीठ नाही, गळाला नुसती पिसं. असल्या पिसांच्या गळाला ते माशी म्हणतात, पण सोंग बारक्या मासोळीचं. मी त्यांची पिशवी धरून चार रविवार फिरलो आणि बांधायला शिकलो. एक बांधलेली आणि पाच रिकामे गळ पुठ्ठ्याला टोचून पाठवतो, काढताना बोट सांभाळ.

गळ पकडीत घट्ट धरायचा. डोळ्यापासून, म्हणजे दोरी ओवायच्या भोकापासून, वाकापर्यंत काळा दोरा गुंडाळत न्यायचा. वर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, ते मासोळीचं पोट. मग डोळ्याजवळ कोंबड्याच्या मानेची लांब पिसं पाठीवर निजवून बांधायची, गळाच्या मागं बोटाच्या एका पेराइतकी लोंबू द्यायची. शेवटी तीन गाठी आणि बाभळीचा डिंक. डिंक रात्रभर वाळू दे, घाई करू नको.

आणि मुख्य म्हणजे ही पाण्यात सोडून बसायचं काम नाही. टाकायची आणि झटक्याझटक्यानं ओढायची. थांबली की नुसतं पीस. तुझ्यासारख्या भिंगरीला बरी आहे.

आईनं हातावर जोर देऊ नये. तुझी वहिनी तुझी आठवण काढते. आमच्यावर जीव असू दे.

तुझा दादा,
चंद्रभान


नांदगाव
२९ सप्टेंबर १९७४

ती. दादास,

सप्रेम जयभीम वि. वि. तुझा पुठ्ठा पावला. टपालवाल्याच्या बोटात गळ घुसला, त्यानं तुझा उद्धार केला तो हितं लिहीत न्हाई.

आपल्या घरी पकड न्हाई म्हून बाबाचा अडकित्ता घेतला. गळ त्याच्यात धरून दांड्याला सुतळी बांधली. बाबा दोन दिस अख्खी सुपारी दातानं फोडत बसले. पिसासाठी शेजारच्या चतुराबाईच्या कोंबड्यामागं साऱ्या आळीत पळाले. तो काही सापडला न्हाई, पर चतुराबाईनंच हासत हासत त्याला धरून दिला, आन् म्हणली, नवऱ्याची वाट बघून पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

चार बांधल्या. देखण्या झाल्यात, बाबा म्हणले टोपीत खोवाव्यात अशा. पर मासे जवळ येतेत, बघतेत आन् पाठ फिरवून जातेत. तळहाताएवढे, तव्यात चार मावतील असे मासे, आन् त्यांचा तोरा बघ. एक माशी सोबत पाठवलीय, काय चुकलं सांग.

आन् दादा, तू पानभर पिसावर लिहिलंस, ह्यांच्यावर दीड ओळ. कामात होते म्हंजी काय? तू उभा ऱ्हाईलास तर माणूस 'या, बसा' तरी म्हणतो का न्हाई? मला रात्री झोप न्हाई. काय असंल ते लिही. लय जीव लागलाय.

उत्तर लगोलग धाड, माझी एवढी कदर कर.

तुझी,
सौ. पंचफुला


परभणी
११ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. पंचफुला हीस,

अनेक आशीर्वाद वि. वि. माशी तपासली. हात छान बसलाय, पण पिसं फार घातलीस. तू ती कोरडी बघून बांधलीस, मासा तिला ओली बघतो. लोटाभर पाण्यात बुडवून बघ, भिजून त्याचा बोळा होतो. सहा पिसांच्या जागी दोनच घे. हातात धरल्यावर उघडीबोडकी वाटली पाहिजे, तीच पाण्यात मासोळी होते. साहेबही मला हेच सांगून थकले होते.

नागनाथरावांची तब्येत ठीक आहे. वखारीत सध्या गडबड आहे. दसरा होऊ दे, मग बघू. तू एकटीनं इकडं यायचं मात्र सध्या मनातसुद्धा आणू नको.

बाबांना नवा अडकित्ता घेतलाय, येताना आणतो. तुझ्या दादाला परका मानू नको.

चंद्रभान


नांदगाव
२३ ऑक्टोबर १९७४

ती. दादास,

जयभीम. तू म्हणलास तशी दोन पिसांची बांधली. लोट्यात बुडवली तर खरंच मासोळी. डोहात टाकली, ओढली, आन् सात मासे धरले. आईनं तव्यावर भाजले, बाबानं तीन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र परत वाचलं. 'एकटीनं यायचं मनातसुद्धा आणू नको.' इतके दिस तू मला धीर धर म्हणत होतास, येऊ नको कधी म्हणला नव्हतास. ते वाक्य दिसभर डोक्यातून जाईना. सोमवारी आईला सेलूच्या बाजाराला जाते म्हणले, आन् रेल्वेत बसले.

परभणीला आमच्या खोलीचं दार उघडंच होतं. दोरीवर माझं निळं लुगडं वाळत होतं. आतून एक बाई आली, हातात हिरवा चुडा, आन् मलाच विचारलं, कोण पाहिजे? मी पाणी मागितलं. तिनं दिलं, चांगलं थंड दिलं. बिचारीला काही ठावं नसंल. हे घरी नव्हते.

नळावर शेजारची तानुबाई भेटली. म्हणली, ही आखाडापासून हाय, आन् तुझा दादा श्रावणात आला होता, दारात ह्यांच्याशी लय भांडला, मग रडला आन् ह्याच नळावर तोंड धुऊन गेला. दादा, श्रावणात. म्हंजी माझं पहिलं पत्र यायच्या आधी तुला समदं ठावं होतं. राग मला ह्यांचा आला, पर तुझा त्याच्याहून जास्त आला. मी हितं दारात उभी ऱ्हायची आन् तू मला पिसं मोजायला शिकवत होतास. तू रडलास ते कळल्यावर राग थोडा उतरला, समदा न्हाई. त्याच पायी ठेसनावर गेले. तुझ्या घरी आले न्हाई ते म्हून.

रात्री बाबाला सांगितलं, मुऱ्हाळी आला न्हाई, मी आपल्या पायानं गेले आन् आपल्या पायानं आले. आता कुणी आला तरी मी जायची न्हाई. आई रडली. बाबा म्हणले, उद्या येऊ का तुझ्यासंगं नदीवर?

आता काम ऐक. सेलूला बालवाडीत बाई पाहिजे, सातवी पास चालते. अर्ज पाच तारखेच्या आत द्यायचाय. माझा सातवीचा दाखला त्या खोलीतल्या पेटीत तळाला हाय. पेटी आण. लुगडं तिथंच ऱ्हाऊ दे. भांडू नको, समजूत घालू नको, माझी बाजू सांगू नको. नुसती पेटी उचल आन् ये.

आन् हितनं पुढं माशीबद्दल एक अक्षर लिहू नको. मला ती तुझ्याहून बरी बांधता येते.

पंचफुला