डाव्या बाजूची शपथ

प्रिय माय,

सोमवारी नागपूरचे दातांचे डॉक्टर माझे दोन दात काढणार आहेत, डाव्या बाजूचे. मग उरलेल्यांना तार बांधणार. मला भीती वाटतेय, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

वाशीमचं स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मग काहीतरी बोलून मला हसवलं. तू शिकवल्याप्रमाणे पदर तोंडाशी नेईपर्यंत तिनं पाहून घेतलं! मुलगी पसंत आहे, दात तेवढे सरळ करून घ्या, असा निरोप आला. बाबा हरखून गेले.

नागपूरला डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून बराच वेळ पाहत राहिले. दातांची मुळं एवढी आखूड कशी, लहानपणी काही झालं होतं का, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "काई नाई जी, गालात गळू झालं होतं." मी मुंबईहून किरणांचा शेक घेऊन आले तेव्हा साऱ्या अनसिंग गावाला तूच हे सांगितलं होतंस ना? कॅन्सर हा शब्द आपल्या घरात कुणी काढलाच नाही.

पण शेकाच्या शेवटच्या दिवशी मुंबईचे डॉक्टर काय बोलले, ते बाबांना ठाऊक नाही. ते बाहेर पिशव्या सांभाळत बसले होते. मी तुझ्या मांडीवर होते. या बाजूचा दात कधी काढायचा झाला तर आधी शेकाचं सांगा, नाहीतर हाड भरून येणार नाही, सडत जाईल, असं ते म्हणाले. तू मान हलवलीस. आणि गाडीत मला म्हणालीस, "हे कोणाले सांगू नोको बाई. तुले माही शपथ हाय."

असं कसं गं बांधून ठेवलंस मला? सांगितलं तर स्थळ मोडेल, धाकटीलाही कुणी विचारणार नाही. आणि नाही सांगितलं तर? येता-जाता जबड्यावरून बोट फिरवते, पुन्हा गाठ लागते का पाहते.

शपथ मोडली की जिची घेतली ती मरते म्हणतात. त्या धाकानं मी इतकी वर्षं गप्प राहिले. मी शपथ पाळली, माय. तरी गेल्या उन्हाळ्यात तू गेलीसच.

आता तुला आणखी काय होणार आहे? सोमवारी डॉक्टर तोंड उघडायला सांगतील. चिमटा आत जायच्या आधी मी त्यांना सगळं सांगेन, कॅन्सरचं नाव घेऊन, बाबांच्या देखत. हे वचन तुला देते, आणि तुझीच शपथ घेऊन देते.

तुझी भित्री,
कुंदा